प्रति, श्री. आदेशावरून यांस

नमस्कार साहेब (किंवा मॅडम, जे असाल ते),

तुमचं नाव मला माहीत नाही. पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाच्या खालच्या अंगाला नदीत उतरायला एक जुना दगडी उतार आहे, त्याच्या फाटकाला गेल्या डिसेंबरात एक कुलूप लागलं आणि एक पत्रा लागला. पत्र्यावर लिहिलंय 'नदीपात्रात उतरण्यास सक्त मनाई आहे' आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'आदेशावरून'. बस. खातं नाही, सही नाही, तारीख नाही, कधीपर्यंत मनाई तेही नाही. मी तीन महिने तुम्हाला शोधतेय, चार ऑफिसं झाली, तुम्ही काही सापडला नाहीत, म्हणून आता आदेशावरून हेच तुमचं नाव असं धरून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. कुणी ओळखत असेल तर कृपया त्यांच्यापर्यंत पोचवा.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कुणीतरी हौशी ॲडव्हेंचरवाली आहे. मी चोपन्न वर्षांची, एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, उजवा गुडघा कुरकुरतो आणि मला पोहता येत नाही. आमच्या घरात नदी या शब्दाचा अर्थ पानशेत. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा आई दहा वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची, आणि वाड्याच्या वरच्या मजल्यावरून तिने शेजारच्यांचं लाकडी कपाट वाहत जाताना बघितलं, त्याचं दार म्हणे उघडझाप करत होतं. ते दार ती अजून सांगते. बाकीचं काही सांगत नाही. त्यामुळे आम्हा भावंडांना लहानपणी काठावर पाय ठेवायची सोय नव्हती, आणि मोठं झाल्यावर नदीला जो वास यायला लागला तो बघता ठेवावासाही वाटला नाही. लकडी पुलावरून रोज स्कूटरवर जायचं, नाकाला ओढणी, बघायचं सिग्नलकडे. नदी म्हणजे नाक दाबून ओलांडायची गोष्ट. आमच्याच घरात असं आहे असं मला वाटत नाही, निम्मं पुणं असंच करतं.

तर गेल्या नोव्हेंबरात ऑफिसमधल्या एकीच्या मुलीने मला ओढत नेलं. चार-पाच पोरंपोरी मिळून रविवारी सकाळी नवशिक्यांना कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीतून, नदीवर न्यायचे, माणशी 600 रुपये, आठ जणांची बॅच, दोन गाइड. पोहता येत नसलं तरी चालेल, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय मात्र उताराच्या खालच्या पायरीपर्यंतसुद्धा यायचं नाही. अंगावर कुठे जखम, खरचटलेलं काही असेल तर त्या दिवशी नाही, पुढच्या रविवारी या. एका काकांनी सकाळी दाढी करताना कापून घेतलं होतं तर त्यांना पण परत पाठवलं, काका जाम वैतागले होते. आणि निघायच्या आधी त्यातल्या एकीने मोबाइल काढून खडकवासला धरणातून पाणी सोडलंय का ते बघितलं, वर पाऊस आहे का ते बघितलं आणि मगच चला म्हणाली. साहेब, हे सगळं मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे तुमच्या लोकांनी मला सुरक्षेवर लेक्चर दिलंय, त्याकडे येतेच.

कयाकचं सांगायचं तर आमच्या त्या सिट-ऑन-टॉप होत्या, म्हणजे आत घुसून नाही, वर बसायचं. बसायच्या जागी आरपार भोकं असतात, वर आलेलं पाणी खाली जायला. पण माझ्यासारखं वजनदार माणूस बसलं की पाणी खालून वर येतं, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला बूड ओलं, आणि कुठल्या पाण्यानं ओलं ते तुम्हालाही माहितीय आणि मलाही. मी मनात म्हटलं झालं, आता घरी जाऊन आधी डेटॉलची बाटली संपवायची. वल्हं मी एवढं गच्च धरलं होतं की ती पोरगी म्हणाली, "मावशी, पोळी लाटताना लाटणं धरता तेवढंच धरा, आणि हातानं नाही, कमरेतून वळा." पहिली दहा मिनिटं मी आपली गोल गोल फिरतेय, देवळाला प्रदक्षिणा घातल्यासारखी. मग म्हणाली वल्ह्याकडे नका बघू, जायचंय तिकडे बघा. मान वर केली तर समोर बंड गार्डनच्या दिशेनं गेलेला रुंद, जवळजवळ न हलणारा पाण्याचा पट्टा, आणि माझी कयाक चक्क सरळ जायला लागली.

त्या पट्ट्याबद्दल थोडं सांगते, कारण तुमच्या एका ऑफिसात मला विचारण्यात आलं की "नदीत बोटिंग? पुण्यात?" अहो, बंड गार्डन म्हणजे काय बंड करणाऱ्यांची बाग आहे का? बंड म्हणजे बंधारा. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तो बांधला गेला, त्याच्यामागे पाणी तुंबून राहायचं, आणि त्या संथ पाण्यामुळेच या पट्ट्यात बोट क्लब आले. बंड गार्डनजवळचा जुना क्लब 1868 चा. संगमापाशी इंजिनियरिंग कॉलेजचा बोट क्लब आहे, त्यांचा रेगाटा, म्हणजे बोटींचा उत्सव, 1928 पासून चालू आहे, कयाक बॅले असतो, रात्रीच्या अंधारात मशाली फिरवतात, हजारो लोक काठावर बसून बघतात. म्हणजे पुण्यात नदीवर वल्ही मारणं हे काही आमच्या डोक्यातून कालपरवा निघालेलं खूळ नाही. फक्त एकच अडचण आहे. एका ठिकाणी तुम्ही सभासद असायला लागता आणि दुसऱ्या ठिकाणी विद्यार्थी. मी दोन्ही नाही. माझ्यासारख्या बाकीच्या पुणेकरांना नदीवर जायची वाट म्हणजे तो एक उतार होता, आणि त्याला तुम्ही कुलूप लावलंत.

हे श्रीमंतांचे शौक आहेत असंही एका साहेबांनी ऐकवलं. दत्तू भोकनळ हे नाव त्यांना माहीत नसावं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खणायचं काम, मग लष्करात भरती, आणि 2012 मध्ये वल्हं हातात घेतलं तेव्हा हा माणूस पाण्याला घाबरायचा. इथे पुण्यातच लष्कराच्या केंद्रात तयार झाला आणि 2016 ला रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याने बोट वल्हवायच्या शर्यतीत, उतरला, 2018 ला आशियाई स्पर्धेत चौघांच्या टीममधून गोल्ड आणलं. मी काही ऑलिम्पिकला निघालेली नाहीये, पण दुष्काळी गावच्या माणसाला जे पाणी मिळालं ते नदीकाठच्या शहरातल्या पोरांना मिळू नये का, एवढंच विचारतेय.

आता तक्रारी.

सगळ्यात आधी तो पत्रा. कारण लिहा ना साहेब. पाणी घाण म्हणून मनाई, खोल म्हणून मनाई, काम चालू आहे म्हणून मनाई, की कुणीतरी फोन केला म्हणून मनाई? प्रत्येक कारणाला वेगळं उत्तर असतं. कारणच न सांगता बंदी घातली की माणूस उत्तर कुणाला देणार, पत्र्याला?

मग ऑफिसं. नावं घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण चौघांचं म्हणणं एकच होतं: आमच्याकडे येत नाही. पहिल्या ठिकाणी कळलं की ते फक्त धरणातून सोडलेल्या पाण्याचं बघतात, काठाचं नाही. दुसऱ्या ठिकाणी काठ त्यांचा पण पाणी नाही. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी बिचाऱ्यांनी चहा दिला, नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की इंजिन असतं तर आमच्याकडे फॉर्म आहे, वल्ह्याच्या बोटीचा फॉर्मच नाही. चौथ्या ठिकाणी म्हणाले आधी तिघांची एनओसी आणा. म्हणजे पाणी एकाचं, काठ दुसऱ्याचा, फॉर्म तिसऱ्याकडे आणि डास तेवढे सगळ्यांचे. मी हिशेबाची बाई आहे, जुळत नसलं की मला झोप लागत नाही. चार खात्यांच्या मधोमध नदी पडलीय आणि ती कुणाच्याच वहीत नाही, पण कुलूप घ्यायला कुठल्यातरी वहीतून पैसे निघालेतच ना, ती वही कुठली तेवढं तरी सांगा.

सुरक्षेचं म्हणाल तर मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे, पानशेतवाल्या घरची आहे मी, पाण्याची थट्टा मला सहन होत नाही. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं, तिथे माझी मावसबहीण राहते, तिचा फ्रिज तरंगत होता. म्हणून पावसाळ्यात कुणीही कयाक काढू नये, धरणातून पाणी सुटलं असताना तर नाहीच नाही, ते आमचे गाइडपण सांगतात. पण मला सांगा, त्याच उताराच्या शंभर पावलं पुढे भिंत पडलेली आहे आणि तिथून पोरं रोज पाण्यात उड्या मारतात, थर्माकोलच्या तुकड्यावर बसून दोघं जण मासे धरतात, लोक निर्माल्याच्या पिशव्या घेऊन पार कडेला जातात. त्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही, गळ्यात शिट्टी नाही. त्यांना पत्रा नाही. पत्रा फक्त जॅकेट घालणाऱ्यांना. ही कसली सुरक्षा?

आणि पाणी घाण आहे म्हणता, तर आहेच. मी त्यात बसलेय. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या यादीत देशभरात 311 प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यातले 55 एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत आपला पहिला नंबर, आणि आपली मुळा-मुठा त्यात आहे हे सांगायला नकोच. पण घाणीचं कारण कयाक आहे का? पुलावरून जाताना मला नदी म्हणजे एकसारखी काळी चादर वाटायची. पाण्यावर बसलं की कळतं की तसं नाहीये. एका जागी नाल्याचं तोंड येतं, तिथे पाण्याला करडा फेस, वास एकदम डोक्यात जातो, वल्हं बाहेर काढलं तर त्याला चिकटलेलं काहीतरी खाली ओघळतं (काय ते लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल), आणि पन्नास-साठ वल्ही पुढे गेलं की वास कमी, एका दगडावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला, खंड्या निळी रेघ मारून गेला, वरून मेट्रो गेली आणि तिच्या खिडकीतून एका लहान पोराने आम्हाला हात केला. मग परत नाला. असं आलटून पालटून. मी नाल्याची तोंडं मोजायला लागले आणि हाताची बोटं संपली तेव्हा सोडून दिलं. कुठल्या तोंडातून सकाळी साडेसात वाजता काय येतं हे मला आता माहीत आहे, चोपन्न वर्षांत कधी माहीत नव्हतं. ते माहीत असलेली माणसं दर रविवारी आठ-आठने वाढत होती. तुम्हाला तीच अडचण होती का? असं मी म्हणत नाही. फक्त पत्रा नाल्याच्या तोंडाला लागायच्या ऐवजी आमच्या तोंडाला लागला एवढं म्हणते.

जलपर्णीचंही एकदा लिहिते, दरवर्षीचं रडगाणं आहे. मैलापाण्यातलं खत खाऊन ती वाढते, वरून वाहत येते आणि बघता बघता फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाण्यावर हिरवी सतरंजी. तेव्हा काठावर मशिन दिसतं. उपसलेली जलपर्णी काठावरच ढीग लावून ठेवतात, अर्धी तिथेच कुजते, अर्धी पहिल्या पावसात परत नदीत. जे काम नोव्हेंबरात दोन माणसांनी झालं असतं त्याला मार्चमध्ये मशिन लागतं. पातेल्यात दूध वर आल्यावर गॅस शोधायला निघाल्यासारखं आहे हे. आमचा कयाकचा सीझन मुळात छोटा, पाऊस संपून पाणी निवळल्यापासून जलपर्णी पसरेपर्यंत, कसेबसे तीन महिने. त्यातलाच डिसेंबर-जानेवारी तुमच्या कुलपाने खाल्ला.

काठाच्या कामांना माझा विरोध आहे असं कृपया समजू नका. नदीकाठ सुधारणेचा प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा तिन्ही मिळून 44 किलोमीटरचा आहे, त्याच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे माझ्यापेक्षा जास्त अभ्यास केलेले लोक आहेत, ते भांडतायत, भांडू देत. माझं मागणं त्याच्या अलीकडचं आहे. काठावर बाकं येतील, दिवे येतील, सेल्फी पॉइंट येतील, पण त्यात पाण्यापर्यंत पोचायची एखादी पायरी असेल की नाही? नुसतं कठड्याला टेकून लांबून बघायचं असेल तर ते आम्ही लकडी पुलावरून इतकी वर्षं करतोच आहोत, त्याला नवीन काठ कशाला?

मला काय पाहिजे ते आता सरळ लिहिते, म्हणजे परत फेरी नको.

1. पत्र्यावर खात्याचं नाव, कारण, तारीख आणि मनाई कधी संपणार ते लिहा. पटलं नाही तर आम्ही रीतसर अर्ज करू, पण कुणाला ते कळू दे.

2. चार खात्यांनी एकदा एका टेबलाशी बसून बिनइंजिनाच्या छोट्या बोटींसाठी एक फॉर्म आणि एक खिडकी ठरवा. गाइडचं प्रशिक्षण, चार नवशिक्यांमागे एक गाइड, लाइफ जॅकेट, विमा, काय काय नियम घालायचे ते घाला. आम्हाला नियम हवे आहेत, उलट नसले की भीती वाटते.

3. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, फक्त रविवारी, सकाळी साडेसहा ते साडेनऊ फाटक उघडा. चावी वॉचमनकडे ठेवा, तो तिथे असतोच, चांगला माणूस आहे, त्यालाही चावी कुणाकडे आहे ते माहीत नाही.

4. उताराजवळ एक फळा लावा आणि दर आठवड्याला पाण्याचा रिपोर्ट लिहा. बीओडी (पाण्यातली घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन, जास्त म्हणजे घाण जास्त) किती, विरघळलेला ऑक्सिजन किती, मैल्यातले जंतू किती. आंघोळीच्या पाण्याला बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत असायला लागतो हे मी शिकून घेतलंय, बाकीचे पण शिकतील. आकडा फारच वाईट असेल त्या रविवारी आम्ही आपणहून घरी बसू, कुलूप लागणार नाही.

5. धरणातून पाणी सोडायच्या आधी काठावर भोंगा वाजू दे, आमच्यासाठी नाही, त्या थर्माकोलवाल्या दोघांसाठी.

6. जलपर्णी नोव्हेंबरात काढा. उपसलेली काठावर ठेवू नका.

यातल्या एकाही गोष्टीला कोटी रुपये लागत नाहीत. फळा तर मी देते, ऑफिसात एक जुना पडलाय.

आईला मी हे सगळं आधी सांगितलंच नव्हतं. त्या रविवारी ओले कपडे थेट बादलीत टाकले, दोनदा आंघोळ केली तरी तिला वासावरून कळलं. ओरडेल वाटलं होतं. तिने विचारलं, "खालून पूल कसे दिसतात गं?" मी फोटो दाखवले तर चष्मा लावून एक-एक मोठा करून बघत बसली. पंचाहत्तरीच्या पुढच्या बाईला मी काही कयाकमध्ये घालणार नाही, पण त्या उताराच्या वरच्या पायरीवर खुर्ची टाकून तिला बसवायचं असं आमचं ठरलं होतं, डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी. खुर्ची घेऊन गेलो तर तुमचं कुलूप. रिक्षावाल्याने तीच रिक्षा वळवली.

उत्तर मला पोस्टाने नको, फोनही नको. फाटकावर कागद लावा, आमच्यापैकी कुणीतरी दर रविवारी सातला तिथे जाऊन बघतं. आणि स्वतः यायचं मनात असेल तर जुन्या चपला घाला, बदलायला कपड्यांचा जोड आणा, दाढी आदल्या रात्री करा. जॅकेट सगळ्या मापांत आहेत.

आपली,
संगमाजवळची एक हिशेबनीस